व्हिडिओ एडिटिंगसाठी घरचा कॉम्प्युटर : आधी फुटेज, मग खरेदी

एडिटिंगसाठी कॉम्प्युटर निवडताना पहिली तपासणी कॅमेऱ्याच्या कार्डाची करावी लागते. रोज हाताळायचे चित्रण कोणत्या कॅमेऱ्याचे आहे आणि त्या कॅमेऱ्याने ते कसे दाबून साठवले आहे, हे कळल्याशिवाय प्रोसेसर, रॅम, ग्राफिक कार्ड यांची चर्चा अधांतरी राहते. एकच कॉम्प्युटर एकाच्या घरी सुरळीत चालतो आणि दुसऱ्याच्या घरी पावलोपावली अडकतो, याचे कारण बहुतेक वेळा फुटेजमधला फरक हेच असते.

वसई तालुक्याच्या पूर्व भागात, चिंचोटीहून भिवंडीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या कामणसारख्या गावात हे काम करणारे दोन-तीन प्रकारचे असतात. लग्न आणि हळदीचे चित्रण करणारे फोटोग्राफर हा त्यांतला मोठा वर्ग. आगरी-कोळी घरांतली हळद रात्रभर चालते आणि तिचे फुटेज लग्नविधींच्या फुटेजपेक्षा जास्त भरते. दुसरा वर्ग गाणी, रील, गणपती-नवरात्रीचे कार्यक्रम मोबाइलवर टिपून यूट्यूबवर टाकणाऱ्या तरुणांचा. नायगाव-कामण पट्ट्यात मालिकांचे सेट उभे असतात. त्या निमित्ताने या धंद्याची ओळख झालेले आणि घरून जोडकाम घेणारेही थोडे असतात. या तिघांची गरज वेगळी आणि खर्चही वेगळा.

फुटेज ओळखणे

बहुतेक कॅमेरे आणि मोबाइल चित्रण एच.२६४ किंवा एच.२६५ या पद्धतीने साठवतात. एच.२६४ हे मानक २००३चे, एच.२६५ म्हणजेच एचईव्हीसी २०१३चे. दोन्हींचे तत्त्व एकच : प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवायची नाही. ठरावीक अंतराने एक पूर्ण फ्रेम ठेवायची आणि मधल्या फ्रेमसाठी फक्त काय बदलले तेवढे नोंदवायचे. त्यामुळे फाइल लहान होते आणि कार्डात तासन्‌तास चित्रण मावते. त्याची किंमत एडिटिंगच्या टेबलावर मोजावी लागते. टाइमलाइनवर मधल्याच एखाद्या फ्रेमवर जायचे तर कॉम्प्युटरला मागची पूर्ण फ्रेम शोधून तिथपासून सगळे बदल पुन्हा मांडावे लागतात. उलटे चालवताना हे काम आणखी वाढते. फाइल लहान म्हणजे काम हलके, ही समजूत म्हणूनच चुकीची आहे. एच.२६५ फाइल एच.२६४पेक्षा लहान असते, पण उलगडायला जड जाते.

दुसरी गोष्ट रंगाच्या नोंदीची. मोबाइल आणि साध्या कॅमेऱ्यांचे चित्रण ८-बिट, ४:२:० या प्रकारचे असते. म्हणजे उजेडाची नोंद पूर्ण, रंगाची नोंद चौथाई. सोनी ए७ फोर किंवा कॅनन आर६ यांसारखे कॅमेरे १०-बिट, ४:२:२ नोंद करू शकतात. कलर करणाऱ्याला ती हवीहवीशी वाटते, कारण सावलीतला चेहरा उजळताना चित्र फाटत नाही. पण हीच फाइल घरच्या कॉम्प्युटरला सर्वांत जास्त रडवते. ग्राफिक कार्डातला व्हिडिओ उलगडणारा खास भाग ८-बिट ४:२:० फाइल सहज पेलतो; एच.२६५च्या १०-बिट ४:२:२ फाइलींची सोय मात्र थोड्याच ठिकाणी आहे. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये ती आहे, ॲपलच्या एम-मालिकेत आहे, आणि एनव्हिडियाच्या कार्डांत ती २०२५ साली आलेल्या ५०-मालिकेपासून मिळाली. त्याआधीचे महागडे एनव्हिडिया कार्ड बसवूनही ही फाइल अडकत असेल, तर कार्ड बिघडलेले नाही. ते काम त्याच्याकडे नाहीच.

आपले फुटेज कोणते, हे ‘मीडियाइन्फो’ नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये फाइल टाकली की कळते. कोडेक, बिटरेट, बिट-डेप्थ, क्रोमा सबसॅम्पलिंग आणि फ्रेम रेट मोड या पाच ओळी कागदावर लिहून घ्याव्यात. शेवटची ओळ मोबाइलवाल्यांसाठी महत्त्वाची आहे. तिथे ‘व्हेरिएबल’ असे दिसले तर मोबाइलने फ्रेमची गती कमी-जास्त केलेली असते, आणि लांब क्लिपमध्ये ओठ एकीकडे व आवाज दुसरीकडे असा प्रकार होतो. हा दोष कॉम्प्युटर बदलून जात नाही. हँडब्रेक या मोफत प्रोग्रॅममधून फाइल ‘कॉन्स्टंट फ्रेम रेट’ करून घेतली की जातो.

जाता जाता आणखी एक. भारतातली वीज ५० हर्ट्झची आहे. मांडवातल्या दिव्यांखाली २५ किंवा ५० फ्रेमवर आणि १/५० शटरवर चित्रण केले तर चित्राची लुकलुक टळते. एक कॅमेरा २५ फ्रेमवर, सोबतचा मोबाइल ३० फ्रेमवर, असे मिश्रण झाले की टाइमलाइनवर हालचाल झटके घेते. लोक मग नवा कॉम्प्युटर घेण्याच्या गोष्टी करू लागतात.

आहे त्याच कॉम्प्युटरची परीक्षा

नवी खरेदी ठरवण्याआधी घरातला कॉम्प्युटर नेमका कुठे कमी पडतो, हे पाहावे. नेहमीचा प्रोजेक्ट उघडून टाइमलाइन चालवावी आणि कंट्रोल, शिफ्ट व एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा. ‘परफॉर्मन्स’च्या पानावर प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि ग्राफिक्स यांचे आलेख दिसतात. चित्र अडकते त्या क्षणी कोणता आलेख माथ्याला टेकला, तोच दोषी. मेमरी ९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅम कमी आहे. डिस्क १०० टक्के आणि बाकी सगळे निवांत असेल तर जुनी हार्ड डिस्क आडवी येते आहे. प्रोसेसर पूर्ण भरलेला आणि ग्राफिक्समधला ‘व्हिडिओ डिकोड’ शून्यावर असेल, तर फाइल उलगडण्याचे काम खास भागाकडे जातच नाही. सगळा भार प्रोसेसरवर पडला आहे.

हे न पाहता दुकानात गेले की ग्राफिक कार्डच गळ्यात पडते. दुकानदाराचा त्यात फार दोष नाही. गिऱ्हाईकच ‘एडिटिंगसाठी कार्ड पाहिजे’ म्हणून येते.

बिनखर्चाचा उपाय आधी करावा. त्याला प्रॉक्सी म्हणतात. मूळ जड फाइलीची एक हलकी प्रत बनवायची, कापाकापी त्या प्रतीवर करायची आणि शेवटचा रेंडर काढताना प्रोग्रॅमने आपोआप मूळ फाइल वापरायची, अशी ही रीत. दा विंची रिझॉल्व्ह, प्रीमिअर प्रो आणि केडेनलाइव्ह या तिन्हींत ती सोय आहे. प्रॉक्सी प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर या प्रकारांत बनवावी, कारण त्यांत प्रत्येक फ्रेम पूर्ण असते आणि जुना प्रोसेसरही ती पटकन दाखवतो. जागा मात्र लागते : १९२० बाय १०८०च्या आकारात, २५ फ्रेमवर, प्रोरेस प्रॉक्सीचा वेग सेकंदाला सुमारे ३८ मेगाबिट आहे, म्हणजे तासाला १७ जीबी. रात्री झोपताना प्रॉक्सी बनवायला लावले की सकाळी काम सुरू होते. सहा-सात वर्षांपूर्वीच्या कॉम्प्युटरवर ४के लग्न कापणारे लोक हेच करतात. ज्याचे काम महिन्याला एक-दोन प्रोजेक्टचे आहे, त्याने या टप्प्यावर थांबायलाही हरकत नाही.

त्यानंतरचा पैसा रॅम आणि एसएसडीवर घालावा. ८ जीबी रॅमवर आज एडिटिंग करणे म्हणजे त्रास विकत घेणे. १०८०पीसाठी १६ जीबी आणि ४केसाठी ३२ जीबी हा व्यवहार्य आकडा आहे. रिझॉल्व्हमध्ये फ्यूजनचे इफेक्ट वापरणाऱ्याला ३२ जीबी हवीच. एका स्टिकऐवजी सारख्या दोन स्टिक बसवाव्यात. मेमरीचा वेग त्याने वाढतो, आणि अंगभूत ग्राफिक्सवर चालणाऱ्या कॉम्प्युटरला तो फरक ठळक जाणवतो. बोर्ड डीडीआर४चा असेल तर डीडीआर५ची स्टिक त्याच्या स्लॉटमध्ये बसत नाही, हे खरेदीपूर्वी पाहावे. २०२५च्या अखेरीस डेटा सेंटरांच्या मागणीने रॅमचे भाव बरेच चढले. त्यामुळे जुन्या बोर्डासाठी वापरलेली डीडीआर४ रॅम घेणे हा आता हलका पर्याय राहिलेला नाही. रोख देण्याआधी ती स्टिक मेमटेस्टवर रात्रभर चालवून पाहता आली तर उत्तम.

एसएसडीचा फायदा कुठे होतो हे नीट कळायला हवे. जुनी फिरती हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १५० ते २०० एमबी वाचते, साटा एसएसडी सुमारे ५५० आणि तिसऱ्या पिढीची एनव्हीएमई साडेतीन हजारांपर्यंत. पण १०० मेगाबिटच्या ४के फाइलीला सेकंदाला फक्त साडेबारा एमबी लागतात. तेवढे तर हार्ड डिस्कही देते. मग ती का अडकते? कारण टाइमलाइनवर एकाच वेळी तीन कॅमेऱ्यांच्या फाइली, गाणे, कॅश आणि थंबनेल मागितले जातात आणि डिस्कचा काटा इकडून तिकडे धावत राहतो. एसएसडीत असा काटाच नसतो. म्हणून विंडोज आणि चालू प्रोजेक्ट एसएसडीवर, संपलेली कामे हार्ड डिस्कवर, अशी वाटणी पुरते. सात हजार एमबी वेगाच्या चौथ्या पिढीच्या एनव्हीएमईसाठी जास्त पैसे मोजावेत असे घरच्या कामात क्वचितच काही असते. साटाची ५०० जीबी घेण्यापेक्षा साधीच पण एक टीबीची एनव्हीएमई घ्यावी. जुन्या बोर्डावर एम.२चा स्लॉट आहे की नाही आणि तो एनव्हीएमई चालवतो की फक्त साटा, हे बोर्डाच्या पुस्तिकेत सापडते.

ग्राफिक कार्ड आणि त्यामागचे एसएमपीएस

रिझॉल्व्ह हा प्रोग्रॅम ग्राफिक कार्डावर फार विसंबतो. कलर, नॉइज रिडक्शन, स्टॅबिलायझेशन ही कामे तिथेच होतात. प्रीमिअर प्रो प्रोसेसरवर आणि इंटेलच्या क्विक सिंकवर अधिक चालतो. क्विक सिंक २०११ साली आले आणि तेव्हापासून इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्सचा भाग आहे. नावापुढे ‘एफ’ असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स नसते, म्हणजे क्विक सिंकही नसते. थोडे पैसे वाचतात म्हणून आय-५ १२४००एफ घ्यायचा आणि मग १०-बिट फुटेज अडकते म्हणून डोके धरायचे, हे सर्रास घडते. एडिटिंगसाठी साधा १२४००च घ्यावा.

ग्राफिक कार्डात पाहायची पहिली गोष्ट त्यातली मेमरी. १०८०पीला ४ जीबी पुरते, ४केला ८ जीबी हवी, आणि रिझॉल्व्हमध्ये ४केवर नॉइज रिडक्शन करणाऱ्याला आरटीएक्स ३०६०ची १२ जीबीची आवृत्ती जुनी असूनही उपयोगी पडते. जीटी ७१० आणि जीटी १०३० ही कार्डे स्वस्त म्हणून अजून विकली जातात. जीटी १०३०मध्ये व्हिडिओ रेंडर करणारा खास भागच नाही. ही दोन्ही कार्डे एडिटिंगसाठी घेऊ नयेत; त्यांपेक्षा नव्या इंटेल प्रोसेसरचे अंगभूत ग्राफिक्स बरे.

कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेले डेलचे ऑप्टिप्लेक्स किंवा एचपीचे एलिटडेस्क नूतनीकरण करून विकले जातात आणि कमी पैशांत सहा कोअरचा प्रोसेसर देतात. पण त्यांचे एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, लहान असते, अनेकदा बोर्डाला जोडणारी पिनही कंपनीची स्वतःची असते, त्यामुळे बाजारातले साधे एसएमपीएस तिथे लागत नाही. अशा यंत्रात वेगळी वीजजोडणी न लागणारे कार्डच बसते. आरटीएक्स ३०५०ची ६ जीबी आवृत्ती ७० वॅटवर चालते आणि स्लॉटमधूनच वीज घेते. कॅबिनेट अरुंद असेल तर त्या कार्डाचा बुटका प्रकार मागावा. अशा वापरलेल्या यंत्रात इंटेलची आठवी पिढी ही खालची मर्यादा धरावी. विंडोज १०ला मिळणारा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला आणि विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासूनच चालते. एएमडीत रायझन २०००पासून.

असेंबल केलेल्या कॉम्प्युटरमध्ये सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे एसएमपीएस. कॅबिनेटसोबत ‘५०० वॅट’ असा छापील आकडा घेऊन येणारे फुकटचे एसएमपीएस कार्यालयीन टायपिंगसाठी ठीक. दोन तासांच्या रेंडरमध्ये प्रोसेसर आणि कार्ड सलग पूर्ण भाराखाली असतात. गेम खेळतानाही इतका सलग भार पडत नाही. रेंडरच्या त्या भाराखाली फुकटचे एसएमपीएस बंद पडते किंवा बोर्ड घेऊन जाते. चांगल्या नावाचे, ८० प्लस ब्राँझचे, ५५० ते ६५० वॅटचे एसएमपीएस मध्यम कार्डाला पुरते. इथे वाचवलेला पैसा कधी ना कधी दामदुपटीने जातो.

नवा घेताना

रील आणि १०८०पीच्या कामाला सध्याच्या पिढीतला सहा कोअरचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि एक टीबी एनव्हीएमई पुरते. वेगळे कार्ड लागत नाही. रॅमचे दोन स्लॉट रिकामे राहतील असा बोर्ड घ्यावा, म्हणजे पुढे कमाई सुरू झाल्यावर वाढवता येते.

लग्नाच्या ४के कामासाठी अंगभूत ग्राफिक्स असलेला इंटेलचा आय-५ किंवा आय-७, ३२ जीबी रॅम, ८ जीबी मेमरीचे आरटीएक्स कार्ड आणि दोन वेगळ्या एसएसडी घ्याव्यात : एक विंडोज व कॅशसाठी, दुसरी फुटेजसाठी. तेराव्या-चौदाव्या पिढीचा वरच्या श्रेणीचा इंटेल प्रोसेसर वापरलेला मिळत असेल तर सावध राहावे. त्यांतल्या काहींत जादा व्होल्टेजमुळे बिघाड होत होता. इंटेलने २०२४मध्ये त्यावर दुरुस्ती काढली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. बायोस अद्ययावत नसेल तर असा प्रोसेसर घेऊ नये.

ज्यांच्याकडे एएमडीचा एएम४ बोर्ड आहे त्यांचे नशीब चांगले. २०१७-१८च्या अनेक बी३५० आणि बी४५० बोर्डांवर बायोस अपडेट केल्यावर रायझन ५०००चे प्रोसेसर चालतात. चार कोअरचा जुना रायझन काढून तिथे सहा कोअरचा ५६०० किंवा आठ कोअरचा ५७००एक्स बसवला की बोर्ड आणि रॅम न बदलता रेंडरचा वेळ बराच उतरतो. अपडेट मात्र जुना प्रोसेसर बसलेला असतानाच करून घ्यावी.

१०-बिट ४:२:२ फुटेज रोजचे असेल तर ॲपलचा मॅक मिनी विचारात घ्यावा. एम४ चिपचा मॅक मिनी २०२४च्या अखेरीस आला. त्याच्या सुरुवातीच्या रचनेतच १६ जीबी मेमरी मिळते, तो वीज फार कमी खातो, आणि ही फाइल प्रॉक्सीशिवाय चालवतो. उणी बाजू ही की, त्याची मेमरी नंतर कधीच वाढवता येत नाही, आणि बिघडला तर गावातला कारागीर त्याला हात लावू शकत नाही. फुटेज बाहेरच्या एसएसडीवर ठेवावे लागते, तोही खर्च धरावा.

लॅपटॉपबद्दल थोडक्यात : मांडवातच कार्ड रिकामे करून दाखवायचे असेल तर तो हवा, नाहीतर तेवढ्याच पैशांत डेस्कटॉप जास्त काम देतो. लॅपटॉपमधल्या आरटीएक्स ४०६०चे नाव तेच असले तरी कंपनीनुसार त्याला मिळणारे वॅट वेगळे असतात, आणि उन्हाळ्यात दुपारी तो तापून स्वतःच वेग कमी करतो.

मॉनिटर आयपीएस पॅनेलचा, एसआरजीबी पूर्ण दाखवणारा असावा. २७ इंचाला १४४०पी चांगले. मोबाइलवर पाहिल्या जाणाऱ्या व्हिडिओसाठी महागडा ग्रेडिंग मॉनिटर लागत नाही, पण रंग पिवळट दाखवणारा पडदा सगळ्या नवरींचे चेहरे बिघडवतो.

प्रोग्रॅमचा खर्चही आधी ठरवावा. रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती अल्ट्रा एचडीत सेकंदाला ६० फ्रेमपर्यंतचे काम देते, आणि घरच्या बहुतेकांना त्यापुढे जावे लागत नाही. तरी काही कॅमेऱ्यांच्या १०-बिट फाइली तिच्यात उघडत नाहीत; कॅमेरा किंवा कॉम्प्युटर घेण्याआधी एक नमुना फाइल टाकून पाहावी. प्रीमिअर प्रोला भाडे भरावे लागते. त्याची ‘क्रॅक’ केलेली प्रत पेनड्राइव्हवरून फिरते. तिच्यासोबत आलेल्या व्हायरसने गिऱ्हाइकाचे लग्न कुलूपबंद केले तर ते परत मिळत नाही.

वीज, पाऊस आणि धूळ

शहरातल्या मार्गदर्शक लेखांत जो भाग दोन ओळींत संपतो, तो या पट्ट्यात सर्वांत महत्त्वाचा आहे. पावसाळ्यात वीज जाते-येते. रेंडर ९० टक्क्यांवर असताना गेली तर पुन्हा पहिल्यापासून, आणि प्रोजेक्ट फाइल लिहिली जात असताना गेली तर फाइलही जाऊ शकते. यूपीएस हा चैनीचा भाग नव्हे. पण दुकानात सहज मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. ६५ वॅटचा म्हणवला जाणारा प्रोसेसर भाराखाली शंभरावर जातो, आरटीएक्स ३०६० कार्ड १७० वॅटपर्यंत घेते, त्यात बोर्ड, डिस्क, मॉनिटर धरले की सहज साडेतीनशे होतात. अशा यंत्राला १००० ते ११०० व्हीएचा यूपीएस लागतो. त्याचा उपयोग काम चालू ठेवण्यासाठी नाही, सेव्ह करून कॉम्प्युटर रीतसर बंद करण्यासाठी आहे. चांगल्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी असते. काही स्वस्त यूपीएस बॅटरीवर जाताच अशा एसएमपीएसला चालवू शकत नाहीत आणि कॉम्प्युटर बंद पडतो. म्हणून यूपीएस बसवल्याच्या दिवशीच, टाइमलाइन चालू ठेवून, यूपीएसचा भिंतीतला प्लग बंद करून पाहावे. बॅटरी दोन-तीन वर्षांत उतरते. दरवर्षी मे महिन्यात ही चाचणी पुन्हा करावी.

अर्थिंगची तपासणी वायरमनकडून करून घ्यावी. कॅबिनेटला हात लागताच झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही किंवा तुटले आहे. जुन्या घरांत तीन पिनच्या बोर्डालाही मागे दोनच तारा असतात. अशा जागी रेकॉर्डिंगमध्ये घरघर येते, आणि विजांच्या दिवसांत बोर्डावरचे पोर्ट जळतात. गडगडाट सुरू झाल्यावर प्लग आणि इंटरनेटची तांब्याची तार, दोन्ही काढावे; नुसते बटण बंद करणे पुरत नाही.

कॅबिनेट जमिनीवर ठेवू नये. जुलै २०१८च्या पावसात वसई-विरारचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता आणि वीजही बंद होती. तळमजल्यावर राहणाऱ्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. टेबलावर ठेवलेले कॅबिनेट धूळही कमी खेचते. चिंचोटी-भिवंडी रस्त्यावर अवजड वाहनांची सतत ये-जा असते आणि रस्त्यालगतच्या घरांत बारीक धूळ सारखी येते. ती पंख्यांवर आणि हीटसिंकवर बसली की प्रोसेसर तापतो, शंभर अंशांच्या जवळ गेला की स्वतःला आवरतो, आणि तीन वर्षांपूर्वी तासात होणारा रेंडर दीड तास घेतो. पुढे जाळी असलेले, ती काढून धुता येईल असे कॅबिनेट घ्यावे. दोन-तीन महिन्यांनी ब्लोअरने धूळ काढावी. काढताना पंखा बोटाने धरून ठेवावा, मोकळा फिरू देऊ नये. दोन-तीन वर्षांनी प्रोसेसरची थर्मल पेस्ट बदलावी.

दमट हवेत रोज चालणारा कॉम्प्युटर स्वतःच्या उष्णतेने कोरडा राहतो. बिघडतो तो आषाढ-श्रावणात लग्ने नाहीत म्हणून झाकून ठेवलेला. आठवड्यातून एकदा तासभर तरी तो चालू करावा. मागच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या बसवलेल्याच ठेवाव्यात. पाली, मुंग्या आणि झुरळे तिथूनच आत जातात.

खरेदी आणि बिल

वसई, नालासोपारा, विरारच्या दुकानांत तयार कॉम्प्युटर, रॅम, एसएसडी सहज मिळतात. बोर्ड आणि ग्राफिक कार्डांत निवड हवी असेल तर मुंबईतला लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, अजून उपयोगी आहे. कामण रोड स्थानक वसई-दिवा मार्गावर असून तिथल्या गाड्या मोजक्याच. बहुतेक जण रस्त्याने वसई रोड किंवा नायगाव गाठून पुढे ग्रँट रोडची लोकल धरतात. एखादा भाग वॉरंटीत बदलायचा तर हाच प्रवास दोनदा होतो, एकदा देताना आणि एकदा आणताना. म्हणून पाच-सातशे रुपये जास्त गेले तरी मुख्य भाग जवळच्या, वॉरंटीतला भाग स्वतः पाठवून बदलून देणाऱ्या दुकानातून घेणे अनेकदा परवडते.

तीन ठिकाणी लेखी भाव घ्यावा, आणि त्यात ‘१६ जीबी रॅम’ असे न लिहिता कंपनी, मॉडेल आणि वेग लिहून घ्यावा. एसएमपीएस आणि बोर्ड यांची नावे कोटेशनमध्ये गाळली जातात. तिथेच कपात झालेली असते. बिल जीएसटीचे असावे, त्यावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर असावा. बिलाशिवाय १८ टक्के वाचतात, पण पुढे वॉरंटी मागायला हातात कागद राहत नाही. वापरलेले ग्राफिक कार्ड घेताना ते अर्धा तास पूर्ण भारावर चालवून तापमान आणि पंख्याचा आवाज पाहावा. वापरलेली डिस्क किती तास चालली आहे ते क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये दिसते.

साठवण आणि सुपूर्द

१०० मेगाबिटच्या वेगाने चित्रण केले तर तासाला ४५ जीबी होतात. तीन कॅमेरे, प्रत्येकी चार तास, म्हणजे एका लग्नाचे ५४० जीबी. आयफोन ४के ३० फ्रेमवर एचईव्हीसीत मिनिटाला सुमारे १७० एमबी घेतो, म्हणजे तासाला १० जीबी. मोबाइलवाल्याची अडचण एवढी मोठी नसते. कॉम्प्युटरच्या अंदाजपत्रकात चार टीबीच्या दोन साध्या हार्ड डिस्क पहिल्या दिवसापासून धराव्यात. कार्ड रिकामे करताना दोन्हींवर प्रत जावी आणि दोन्हींवरची फाइल उघडून पाहिल्यावरच कार्ड फॉर्मॅट व्हावे. एक डिस्क घरात, दुसरी नातेवाइकाकडे ठेवावी. जुनी कामे एसएसडीवर भरून कपाटात ठेवू नयेत. वीज न मिळता फार दिवस पडून राहिलेल्या एसएसडीतला मजकूर हळूहळू उतरतो. त्या कामाला हार्ड डिस्कच बरी.

रेंडर झालेली फिल्म घरच्यांना बहुधा पेनड्राइव्हवर द्यायची असते, आणि ती थेट टीव्हीत लावली जाते. पेनड्राइव्ह एफएटी३२ फॉर्मॅटची असेल तर तिच्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जात नाही. एक्सएफएटी केली तर जाते, पण काही जुने टीव्ही ती वाचत नाहीत. त्यामुळे टीव्हीसाठी एच.२६४ची, १०८०पीची, चार जीबीच्या आतल्या तुकड्यांत विभागलेली प्रत आणि जपून ठेवण्यासाठी ४केची पूर्ण प्रत, अशा दोन प्रती एकाच वेळी रेंडरच्या रांगेत लावाव्यात.